एसयूव्हीला हिच बसवताना: आधी दारावरची पट्टी वाचा

मिशिगनमधल्या मराठी कुटुंबांत मुले जरा मोठी झाली आणि भारतातून आई-बाबा उन्हाळ्यासाठी येऊ लागले, की तंबूऐवजी एखादा छोटा कॅम्पिंग ट्रेलर घ्यावा असा विचार हमखास पुढे येतो. आमच्याकडेही तो आला आणि त्यातूनच आमच्या टोयोटा हायलँडरला हिच, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे खालून बसवायचा लोखंडी सांगाडा, बसवण्याचे ठरले. त्या निमित्ताने जे वाचले, मोजले आणि प्रत्यक्ष गाडीखाली झोपून केले, ते सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या मंडळींत या विषयावर बोलणे बहुतेक वेळा एकाच आकड्यापाशी थांबते. गाडी किती पाउंड ओढते, एवढाच तो प्रश्न असतो. कुटुंबाच्या गाडीपुरता माझा अनुभव असा आहे की त्या आकड्याने निर्णय होत नाही. निर्णय होतो तो चालकाचे दार उघडल्यावर खांबावर दिसणाऱ्या छोट्या पट्टीवरच्या आकड्याने.

आमच्या पेट्रोल व्ही-६ हायलँडरची ओढण्याची कमाल क्षमता ५,००० पाउंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो आहे. त्याच गाडीच्या हायब्रिड प्रकाराची क्षमता ३,५०० पाउंड आहे आणि होंडा पायलटमध्ये टू-व्हील ड्राइव्हला ३,५००, तर ऑल-व्हील ड्राइव्हला ५,००० असा फरक आहे. त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावरून क्षमता गृहीत न धरता आपल्या नेमक्या गाडीची पुस्तिका पाहावी. हे आकडे आज बऱ्यापैकी विश्वासार्ह आहेत, याचे श्रेय एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ या मानकाला जाते. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून इतरांच्या आधी स्वीकारले. त्यातील चाचणीत ट्रेलरसह गाडीला ऍरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा सुमारे ११ मैलांचा चढ ऐन उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ताशी ४० मैलांखाली न येता चढावा लागतो. मात्र या चाचणीत गाडीत बसलेली माणसे असतात दोन, तीही प्रत्येकी १५० पाउंडांची. मागची सीट, तिसरी रांग आणि डिकी यांचा हिशेब कुटुंबाने स्वतःच करायचा असतो.

आमच्या दाराच्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून १,३६५ पाउंडांहून अधिक वजन कधीही नसावे, असे छापले आहे. आम्ही दोघे, दोन मुले आणि आई-बाबा यांचे मिळून साधारण ७६० पाउंड होतात. कूलर, खुर्च्या, कपडे आणि आईचा स्वयंपाकाचा सरंजाम यांचे १५० पाउंड धरले की उरतात ४५५. हिच म्हणजे लोखंडच, त्यामुळे तो आणि बॉल माउंट (ट्रेलर ज्यावर अडकतो तो लोखंडी गोळा, म्हणजे बॉल, धरणारा व हिचमध्ये बसणारा दांडा) मिळून आणखी ६५ पाउंड जातात आणि शिल्लक राहतात ३९०. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर जो भार टाकतो, ज्याला इकडे टंग वेट म्हणतात, तो या ३९० मध्येच बसवावा लागतो, कारण तो भार गाडीच्या चाकांवर येतो. टंग वेट ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे लागते. ते १३ टक्के धरले, तर सहा माणसांनिशी प्रवास करताना आमच्या गाडीला भरलेला ट्रेलर सुमारे ३,००० पाउंडांचाच झेपतो. ५,००० ची क्षमता कागदावर तशीच राहते, पण ती आमच्या कामाची नाही. विक्रेता हे गणित मांडून देत नाही. ते आपणच कागदावर मांडावे आणि मगच ट्रेलर पाहायला जावे.

टंग वेट कमी ठेवले म्हणजे काम सोपे होईल, असेही नाही. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल: ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, तर ओझे फार पुढे आले की तेच जू मानेवर दाबते. ट्रेलरचेही तसेच आहे. मागे जास्त वजन पडले की तो महामार्गावर डावी-उजवीकडे डोलू लागतो आणि ताशी ६० मैलांच्या वेगात ते डोलणे काही सेकंदांत चालकाच्या हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून सुमारे ६० टक्के सामान आसाच्या पुढच्या बाजूला ठेवावे, असा सर्वमान्य नियम आहे. पाण्याची टाकी आसाच्या मागे असेल तर ती भरून निघायचे की रिकामी, हाही याच हिशेबाचा भाग आहे.

ट्रेलरचे वजन ठरले की हिच निवडणे फारसे अवघड राहत नाही. क्लास १ चा हिच साधारण २,००० पाउंडांपर्यंत आणि क्लास २ चा ३,५०० पर्यंत असतो आणि दोन्हींची चौकोनी नळी, म्हणजे रिसिव्हर, सव्वा इंचाचा असतो. क्लास ३ मध्ये रिसिव्हर दोन इंचांचा होतो आणि बहुतेक कौटुंबिक एसयूव्हींसाठी तोच योग्य ठरतो. केवळ सायकली नेण्यासाठी हिच हवा असला तरी मी दोन इंचांचाच सुचवेन, कारण चार सायकलींचे चांगले रॅक त्याच मापाचे मिळतात, आणि सव्वा इंचाच्या हिचला अडॅप्टर लावून मोठा रॅक बसवला की भार गाडीपासून आणखी लांब जाऊन हिचवरचा ताण वाढतो. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी: हिचवर ८,००० पाउंड लिहिलेले असले म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. गाडी, हिच, बॉल माउंट, बॉल आणि ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारे त्याच्या दांड्याचे तोंड, यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत कमी, तोच सगळ्या जोडणीचा आकडा.

कंपनीचा हिच घ्यावा की कर्ट, ड्रॉ-टाइट, रीस यांसारख्या बाहेरच्या उत्पादकांचा, यावर मी बराच विचार केला. कंपनीचा हिच बंपरच्या रेषेत नीट लपतो, पण महाग पडतो. बाहेरचा थोडा खाली दिसतो, तरी योग्य मॉडेलसाठी बनवलेला असेल तर चासीला असलेल्या मूळ छिद्रांतच बसतो आणि भोके पाडावी लागत नाहीत. बाहेरचा हिच लावला की वॉरंटी रद्द होते, हे सरसकट खरे नाही. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसवला एवढ्या कारणावरून उत्पादक वॉरंटी नाकारू शकत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही बाहेरचा क्लास ३ घेतला. घेण्याआधी तो जमिनीपासून किती उंच राहील आणि बंपरखाली पाय हलवून डिकी उघडणारा सेन्सर असल्यास त्याच्या आड येईल का, हे पाहून घ्यावे.

बसवण्याचे काम शेजारच्या एका अनुभवी मित्राच्या मदतीने घरच्या गॅरेजमध्ये केले. ज्यांच्याकडे साधने नाहीत त्यांनी ते दुकानात करून घ्यावे, यू-हॉलसारख्या ट्रक-ट्रेलर भाड्याने देणाऱ्या ठिकाणीही हिच बसवून मिळतो. घरी करायचे असल्यास नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. मजबूत स्टँड किंवा रॅम्प आणि चाकांना पुढे-मागे ठोकळे हवेतच. आम्ही आधी स्टेपनी खाली उतरवली, मग सायलेन्सर ज्या रबरी कड्यांत लटकतो त्यांवर साबणाचे पाणी फवारून त्या दांड्यांवरून सरकवल्या, म्हणजे सायलेन्सर थोडा खाली आला आणि हिचला वर जायला जागा झाली.

खरा वेळ लागला तो चासीतल्या वेल्ड केलेल्या नटांना. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडते आणि ते या छिद्रांत जाऊन बसते. टॉर्चच्या उजेडात पाहिले तर नटांच्या आट्यांमध्ये तांबूस गंजाचा थर भरलेला होता. त्यावर गंज सोडवणारे तेल फवारून आम्ही ते रात्रभर मुरू दिले, सकाळी नळी साफ करायचा गोल तारेचा ब्रश आत फिरवला आणि मग प्रत्येक बोल्ट आधी हाताने, एक फेरा पुढे, अर्धा फेरा मागे, असा शेवटपर्यंत घालून पाहिला. बोल्ट हाताने फिरत नसताना पाना लावून जोर केला, तर वाकडा शिरतो आणि आटे कायमचे जातात, आणि तो नट चासीच्या बंद पोकळीत असल्याने बदलणे फार कटकटीचे होते. जिथे मूळ नट नव्हता तिथे हिचबरोबर आलेल्या स्प्रिंगसारख्या तारेचे टोक बोल्टला फिरवून बसवले, तार मोठ्या छिद्रातून आत सारून लहान छिद्रातून बाहेर ओढली आणि तिच्यामागून बोल्ट आपोआप जागेवर आला. ही साधी युक्ती पाहून मला मनापासून आनंद झाला. हिच स्वतः सुमारे ५० पाउंडांचा असल्याने एका बाजूला पट्ट्याने बांधून आणि दुसऱ्या बाजूला जॅकचा आधार देऊन तो वर धरला. शेवटी सर्व बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे पिळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, हिचच्या पत्रकात दिलेल्या आकड्यापर्यंत घट्ट केले. हाताच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

लोखंडापेक्षा वायरिंगला अधिक जपावे, असे माझे मत आहे. ट्रेलरच्या दिव्यांसाठी चार तारांचा चपटा प्लग लागतो: पांढरी ग्राउंडची (वीज गाडीच्या पत्र्याकडे परत नेणारी), तपकिरी टेललाइटची, पिवळी डाव्या वळणाची आणि ब्रेकची, हिरवी उजव्या वळणाची आणि ब्रेकची. ज्या गाड्यांत ब्रेकचा लाल दिवा आणि वळणाचा पिवळा दिवा वेगळे असतात, तिथे हे दोन संकेत एका तारेवर आणणारा कन्व्हर्टर लागतो. आजच्या गाड्यांचे दिवे संगणकाच्या देखरेखीखाली चालतात, म्हणून मूळ तारा कापून, सोलून जोड देण्याचा मोह टाळावा, आपल्या मॉडेलचा तयार हार्नेस, म्हणजे प्लगसह जोडलेला तारांचा संच, घ्यावा आणि तोही बॅटरीकडून फ्यूजमार्फत थेट वीज घेणारा असावा, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांचा भार गाडीच्या नाजूक सर्किटवर पडत नाही. ग्राउंडची तार रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावरच घट्ट करावी. ट्रेलरचे दिवे मंद लागणे किंवा एक लावला की दुसरा लुकलुकणे, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ खराब ग्राउंडमध्ये सापडते.

इलेक्ट्रिक ब्रेक असलेल्या ट्रेलरला सात टोकांचा गोल प्लग आणि चालकाजवळ ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर लागतो. अनेक राज्यांत ३,००० पाउंडांवरील ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, तर कॅलिफोर्नियात ही मर्यादा १,५०० आहे. कायद्याने बंधन नसले तरी सहा माणसे गाडीत असताना मी ब्रेकशिवायचा कॅम्पिंग ट्रेलर ओढणार नाही. गाडी ज्या प्रमाणात मंदावते त्याच प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावणारा प्रपोर्शनल कंट्रोलर थोडा महाग असतो, पण तोच घ्यावा. ट्रेलर डोलू लागलाच, तर गाडीचा ब्रेक जोरात न दाबता ऍक्सिलरेटर सोडून कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे असतात, आणि त्याचा खटका कुठे आहे हे हाताला न पाहता सापडले पाहिजे.

बॉल माउंट घेताना ट्रेलर सपाट उभा करून त्याच्या कपलरची उंची आणि गाडीच्या रिसिव्हरची उंची मोजावी आणि जो फरक येईल तेवढा खाली किंवा वर जाणारा माउंट निवडावा. बॉल १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच अशा मापांत मिळतात आणि कपलरवर कोरलेले मापच घ्यावे लागते, कारण मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल वरवर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात निसटतो. साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा त्यांच्यावर तोलला जातो. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचची दोरी गाडीलाच अडकवावी, साखळीला नव्हे.

ट्रेलर भरून झाल्यावर पहिला थांबा घ्यावा तो महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवरील कॅट स्केलचा, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्याचा. तिथे गाडीचे पुढचे चाक, मागचे चाक आणि ट्रेलर यांचे वेगवेगळे वजन छापून मिळते, आणि त्याच भरलेल्या गाडीचे ट्रेलर सोडून पुन्हा वजन केले की टंग वेटही कळते. आमच्याकडे उत्तरेला जाताना मॅकिनॉ पूल लागतो. सुमारे पाच मैलांच्या त्या पुलावर वारा वाढला की ट्रेलरवाल्यांना ताशी २० मैलांवर आणतात आणि वारा फारच असला तर सोबत गाडी देऊन पलीकडे नेतात, त्यामुळे निघण्यापूर्वी पूल प्राधिकरणाची सूचना पाहण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

पहिल्या मोठ्या प्रवासानंतर सर्व बोल्टांवर पुन्हा एकदा टॉर्क पाना फिरवावा. बॉल माउंट वापरात नसताना काढून ठेवावा, नाहीतर डिकीतून सामान काढणाऱ्याची नडगी त्यावर आपटते आणि रिव्हर्सचा सेन्सरही उगाच वाजत राहतो. रिसिव्हरच्या तोंडाला रबरी झाकण लावावे आणि मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावरचे मीठ संपले की गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा हिचच्या मागच्या बाजूने, बोल्टांच्या डोक्यांवर आणि प्लग धरणाऱ्या पट्टीवर आवर्जून मारावा.