भारतात तर हे घडलंच नाही, मग तुम्ही का ऐकता?

ठाण्या-अलिबागची आमची माणसं फोनवर हमखास विचारतात: "भारतात ज्यूंना कधी कुणी छळलं नाही. तुम्ही बेने इस्रायल तर कोकणातले ज्यू. मग नाझींनी मारलेल्यांच्या स्मृतिदिनाला, योम हाशोआला, घरात लोक जमवून त्या साक्षी कशाला ऐकता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं आहे, आमच्या घराण्यात कुणाच्या हातावर नाझी छावणीचा नंबर गोंदलेला नव्हता. पण आजी-आजोबा इकडे इस्रायलमध्ये, लोद शहरात राहायला आले तेव्हा तसे हात शेजारीच होते, आणि भर उन्हाळ्यातही त्यांच्या बाह्या मनगटापर्यंत असत. ते सांगत नसत, बाकीचे विचारत नसत. १९६१ साली जेरुसलेममध्ये आइशमनवर, ज्यूंना मरणछावण्यांत धाडणाऱ्या नाझी अधिकाऱ्यावर, खटला चालला, शंभरावर साक्षीदार उभे राहिले, लोकांनी रेडिओला कान लावून ते ऐकलं. तेव्हा कुठे तोंडं उघडली. सगळ्यांची तेव्हाही नाही.

२०११ पासून इकडे 'झिकारोन बासालोन'ची पद्धत पडली आहे. नाझींच्या तावडीतून जिवंत सुटलेल्या माणसाने कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत बसायचं, सांगायचं. वीस-पंचवीस जणांनी ऐकायचं, विचारायचं. आमच्याकडे सालोनिकाच्या एक आजी आल्या होत्या. ग्रीसमधलं हे शहर. तिथलं बंदर एके काळी शनिवारी बंद असायचं, कारण हमाल ज्यू, आणि शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस. हे ऐकताच माझी आई सरसावून बसली. आमचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे तिने आपल्या मोडक्या हिब्रूत त्यांना सांगितलं.

मग आजी बोलत्या झाल्या. जुलै १९४२ मध्ये जर्मनांनी ज्यू पुरुषांना चौकात बोलावून तासन् तास उन्हात उभं केलं, मारलं, कवायती करायला लावल्या. १५ मार्च १९४३ ला पहिली गाडी निघाली. ऑगस्टपर्यंत सुमारे ४६,००० माणसं गेली, जवळपास सगळी पोलंडमधल्या आउशवित्सच्या मरणछावणीला, आणि बहुतेकांना पोचल्यापोचल्याच मारलं. जाणाऱ्यांना सांगितलं होतं की पोलंडमधल्या क्राको शहरात वसवणार आहोत. जवळचे ग्रीक पैसे काढून घेतले आणि बदल्यात पोलिश झ्लोटींच्या पावत्या दिल्या. आजींच्या वडिलांनी ती पावती नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. आजींना आईने खोट्या कागदांवर अथेन्सला नेलं, म्हणून त्या वाचल्या. पावतीचं हे त्यांना आईकडून कळलेलं.

माझ्या आईने विचारलं, "वडिलांबरोबर खायला काय दिलं होतं?" खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. मला मात्र हाच प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटला. आजी त्यावर कितीतरी वेळ बोलल्या. वाळवलेला पाव, अंजिरं, आणि ती बांधून देताना आई-वडिलांचं झालेलं भांडण. ज्यांच्या घरी हे घडलं, त्यांना असं विचारायचा धीर होत नाही. आम्हाला होतो. आम्ही ऐकायला बसतो त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण आपल्याकडचंच आहे. मुंबईच्या ज्यूंनी १९३४ मध्येच जर्मनीतून पळून येणाऱ्यांसाठी ज्यूइश रिलीफ असोसिएशन काढली होती. पुढे युद्ध पेटलं आणि या पळून आलेल्यांतल्याच काहींना इंग्रजांनी 'जर्मन' म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबलं. तेव्हा आमचा काही संबंध नव्हता, असं मला म्हणवत नाही.

सालोनिकाचं जुनं ज्यू कब्रस्तान डिसेंबर १९४२ पासून उखडलं गेलं. आज तिथे विद्यापीठ आहे. गाडीतून गेलेल्यांना तर कबरच नाही. म्हणून याद वाशेम या, मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं जपणाऱ्या जेरुसलेमच्या संस्थेचे साक्षीचे फॉर्म भरायला मी मदत करते: नाव, आईबापांचं नाव, जन्मगाव, धंदा, मृत्यूची जागा. आजींच्या वडिलांचा फॉर्म आम्ही जेवणाच्या टेबलावर भरला. धंद्याच्या रकान्यात त्यांनी आधी 'दुकानदार' सांगितलं, मग ते खोडायला लावून 'बटणांचे व्यापारी' लिहायला लावलं.

आता आजींना प्रवास झेपत नाही, म्हणून यंदा त्यांची नात येणार आहे. त्या सुमारास इकडे असलात तर नक्की या. बोलणं हिब्रूत असेल, मी शेजारी बसून मराठीत सांगेन. तुम्हाला जे विचारावंसं वाटेल, ते विचारा.