अजून हलतायत का?

काल मंजूच्या साखरपुड्यात जेवताना बापूकाकांनी भर पंगतीत विचारलं, "काय रे, अजून हलतायत का तुझे ते रेणू?" सगळे हसले. मीही हसलो. आणि तेच डोक्यातून जाईना, मी का हसलो?

काकांचं सोडा, ते सगळ्यांनाच बोलतात. पण मी हसलो ना!

1994 ला ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात लागलो, त्याच वर्षी ब्रॉकहाऊस आणि शल यांना न्यूट्रॉन स्कॅटरिंगचं, म्हणजे पदार्थावर न्यूट्रॉन सोडून आतले अणू कसे बसलेत, कसे हलतात ते बघायच्या तंत्राचं नोबेल मिळालं, आपले ट्रॉम्बेचे अय्यंगार त्या ब्रॉकहाऊसच्या हाताखाली कॅनडात काम करून आलेले, त्यामुळे आम्हाला घरातच बक्षीस आल्यासारखं झालं आणि मी पेढे वाटले, स्वतःच्या पैशाने. काकांनी दोन घेतले होते. त्यानंतर मी काय केलं, तर झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या बारीक भोकांत कोंबलेला प्रोपेन वायू किती वळवळतो ते मोजलं. ध्रुव, म्हणजे आमची न्यूट्रॉन देणारी अणुभट्टी, चालू असली की एकेका तापमानाला दोन-दोन दिवस बसायचं आणि हाती काय, तर ग्राफमधल्या सुळक्याच्या पायथ्याशी जराशी सूज. रेणू हलता असला की न्यूट्रॉनची ऊर्जा थोडी इकडेतिकडे होते, म्हणून ती सूज, आणि तिच्या रुंदीवरून पिकोसेकंदातल्या (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागातल्या) उड्या काढायच्या. मठ्ठा पिता पिता हे कसं सांगणार? सायरस, ती दुसरी भट्टी, 2010 ला बंद झाली, बरोबरचे कोण कुठे गेले, हिला तर वाटतं की मी तेव्हाच फ्रान्सला, ग्रेनोबलच्या न्यूट्रॉन केंद्रात... जाऊ दे.

पण हसलो का?

रात्री दीडला उठून पाणी प्यायलो तेव्हा वॅनेडियम आठवलं. मोजलेल्या रुंदीत यंत्राची स्वतःची रुंदी मिसळलेली असतेच, म्हणून आधी वॅनेडियम धातूचा तुकडा लावायचा, त्याचे अणू काही जागा सोडत नाहीत, त्यामुळे जो पसारा दिसतो तो यंत्राचा. ती सूज वेगळी काढल्याशिवाय रेणूबद्दल अक्षर बोलायचं नाही, हे मी पोरांना दरवर्षी ओरडून सांगतो. म्हणजे काकांचा प्रश्न एवढासाच असेल, बाकी सूज माझी. बहुतेक.

आणि खरं उत्तर आज आंघोळ करताना सुचलं. हो काका, हलतायत, उणे 273 ला नेलं तरी पुरते थांबत नाहीत, हायड्रोजन तर मुळीच नाही.

एक दिवस उशीर झाला. असो, लग्न डिसेंबरात आहे, पंगतीला काका शेजारीच बसतील.