‘इथून म्हणजे कुठून, सर?’

जून २०२०. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. पंढरपूरच्या बाजूच्या एका गावात मी आठवीला भूगोल शिकवतो. घरातल्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगला, पुतण्याला मोबाइल धरायला लावला आणि नद्यांवरचा बारा मिनिटांचा व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला. भराभर अंगठे आले. संध्याकाळी एका विद्यार्थ्याचा फोन. त्याला जन्मापासून दिसत नाही. “सर, तुम्ही म्हणालात, ही बघा इथून निघते आणि अशी जाते. इथून म्हणजे कुठून?”

रात्री तोच व्हिडिओ डोळे मिटून ऐकला. ‘ही’, ‘इथे’, ‘अशी’ मोजत गेलो. एक्केचाळीस वेळा! वर्गात शेजारचा मुलगा त्याला कानात सांगायचा, म्हणून माझं निभावत होतं. अठरा वर्षं मी बोटाने शिकवत होतो आणि समजत होतो की तोंडाने शिकवतोय.

म्हटलं, व्हिडिओचं नंतर बघू, आधी टिपणं पाठवू. पीडीएफ पाठवली. त्याचा फोन टॉकबॅकवर चालतो, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. त्याने मला ते वाचन ऐकवलं, तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. माझी टिपणं जुन्या फॉन्टमधली, युनिकोडच्या (मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीच्या) आधीची. त्यात दिसायला ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. छापून घेईपर्यंत कुणाचं काही अडत नाही. अडलं ते याचं.

इंटरनेटवरच्या एका कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि खूश होऊन सगळ्यांना पाठवला. वर्गातली एक मुलगी कानाला मशीन लावते, तिचा बराचसा अभ्यास वाचूनच चालतो. तिचा मेसेज आला : “सर, सह्याद्रीत दर्या कुठून आला?” कन्व्हर्टरने आपला अर्धा ‘र’ गिळून रफार करून टाकला होता. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! मग ‘वाऱ्याची दिशा’, ‘किनाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ असे शब्द एकेक करून शोधत बसलो. भूगोलात हा ‘र’ किती ठिकाणी असतो, ते तेव्हा कळलं.

तिच्यासाठी व्हिडिओखाली मजकूरही हवा होता. यूट्यूबवर आपोआप मजकूर उमटण्याची सोय तेव्हा मराठीला नव्हती. सगळं हाताने. नोटपॅडमध्ये आधी क्रमांक, खाली वेळ, त्याखाली वाक्य, आणि मग एक ओळ मोकळी. सेकंदानंतर टिंब नाही, स्वल्पविराम. हे शिकून घेतलं आणि फाइल जतन करताना यूटीएफ-८, म्हणजे मराठी अक्षरं टिकवणारा प्रकार, निवडायला विसरलो. उघडली तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. तीन तासांचं काम गेलं. त्या रात्री कॉम्प्युटरला जे बोललो ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं.

दुसऱ्यांदा केलेलं तिला दाखवलं. “सर, वाचू का नकाशा बघू?” तिचंही बरोबर होतं. मी न थांबता बोलत होतो आणि लांबलचक ओळींनी कोल्हापूर झाकून टाकलं होतं. शिवाय अर्धा वेळ माझं तोंड भिंतीकडे, त्यामुळे ओठही दिसेनात. म्हणजे व्हिडिओच नवा करायला हवा होता. रंगही बदलले. लाल-हिरव्यात फरक न कळणारं मूल वर्गात असलं, तरी त्यालाच ते ठाऊक नसण्याची शक्यता जास्त. म्हणून नद्यांच्या रेघांवर नावं घातली.

नवा पाठ मात्र त्या मुलाला फोनवर विचारत विचारतच लिहिला. ज्याने नकाशा कधी पाहिलाच नाही, त्याला ‘वर उत्तर’ म्हणून काय कळणार? म्हटलं, पाट घे, मांडीसमोर ठेव. डावी कड म्हणजे अरबी समुद्र. त्या कडेला लागून, वरून खाली उभा सह्याद्री. आता डाव्या कडेखाली वीट सरकव आणि तांब्याने तिथेच पाणी सोड. पाणी उजवीकडे ओघळलं. तशी गोदावरी. त्र्यंबकेश्वरला उगम, अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर, पण उतार पूर्वेकडे. म्हणून त्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. “मग तापी?” त्याने लगेच विचारलं. तापी पश्चिमेला जाते, कारण ती खचदरीतून, म्हणजे दोन भेगांमधली जमीन खचून झालेल्या दरीतून, वाहते. ते पाटावर दाखवता येईना. शेवटी दोन लाटणी शेजारी शेजारी ठेवायला सांगितली आणि मधल्या फटीतून बोट फिरवायला लावलं. फारसं जमलं नाही, खरं सांगायचं तर.

हेच सगळं नव्या व्हिडिओत बोललो. ‘इथे’ दोनदाच आलं, तेही नंतर कापलं. टिपणांतल्या प्रत्येक चित्राला वर्णन जोडलं, नाहीतर फोन नुसता ‘इमेज’ म्हणून पुढे जायचा. त्याच्या आईने पुठ्ठ्यावर फेविकॉलने सुतळी चिकटवून भीमा तयार केली. वर्णन मी पाठवलेलं होतंच : भीमाशंकरहून आग्नेयेकडे, आणि पंढरपुराशी चंद्रकोरीसारखं वळण, म्हणून तिथे नाव चंद्रभागा.

दोन दिवसांनी त्याचा फोन. “सर, आईने पंढरपुरात सुतळी सरळच लावली होती. मी उपटून परत लावली.”