थंडीतलं स्टार्टिंग, अपडेट: अर्थची वायर बदलली आणि सेल्फ सुटला

तीन सिलिंडरवाल्या जुन्या ट्रॅक्टरचं काम बरंच पुढे सरकलंय. पारा शून्याखाली गेला की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नुसता कण्हायचा, पांढरा धूर यायचा पण इंजिन काही पकडायचं नाही. जो तो म्हणायचा पंप उतरव, नोझल चेक कर, मला ते पटत नव्हतं, कारण पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत जातंय, फक्त पेटत नाहीये. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो, सगळा खेळ दाबून तापलेल्या हवेचा, आणि इंजिन हळू फिरलं की ती हवा रिंगांजवळून निसटते आणि उरलेली उष्णता गार ब्लॉक खाऊन टाकतो. म्हणून थंडीत पहिलं बघायचं ते सेल्फ किती जोरात फिरतोय.

बॅटरी रात्रभर उभी राहूनही 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे फुल चार्ज. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरच्या क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर) आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरली, मित्राला सेल्फ मारायला सांगितलं, तर 1.4 व्होल्ट! एवढे व्होल्ट अर्थच्या वाटेतच, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसिसमार्गे सेल्फपर्यंतच, जिरत होते, खरं तर तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त. अर्थची वायर खोलून बघितली तर तिच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) चेसिसचा रंग तसाच, त्यावर हिरवट पूड, आणि इन्सुलेशन सोललं तर आतलं तांबं वीतभर काळं पडलेलं. बाहेरून वायर एकदम ठणठणीत दिसत होती हो! आता जाड नवीन वायर थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टला दिलीय, जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, वरून पेट्रोलियम जेली. मीटर 0.2 दाखवतोय आणि फिरण्याचा आवाजच वेगळा झालाय, ऐकून जीव सुखावला.

इंजिनात जाणारी हवा तापवणारा हिटरही बघून घेतला. याच्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा तापणारा (ग्लो) प्लग नाही, मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या पाइपात) एकच कॉइल आहे आणि ती तापली की तिच्यावर थोडं डिझेल सुटून ज्योत पेटते. डिझेलची बारीक नळी रिकामी असेल तर कॉइल तापते पण ज्योत होत नाही, माझ्यात तेच होतं, नळीतली हवा काढली. आता चावी हिटरवर 15-20 सेकंद धरायची, क्लच पूर्ण दाबायचा म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल सेल्फला घुसळावं लागत नाही, आणि मग सेल्फ.

एक मात्र कळकळीने सांगतो, हिटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे (इंजिन चटकन पेटावं म्हणून हवेच्या वाटेत मारतात तो) अजिबात मारू नका, मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो आणि पिस्टन, रिंगा फुटू शकतात.

इंजिन ऑइल 15डब्ल्यू-40 काढून थंडीत जास्त पातळ राहणारं 5डब्ल्यू-40 भरलं, मॅन्युअलमध्ये तुमच्या तापमानाला काय दिलंय ते बघूनच बदला. डिझेलचं म्हणाल तर उन्हाळ्यातलं टाकीत ठेवू नका, गारठ्यात त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर चोक होतो, चालू झालेलं इंजिन थोड्या वेळाने दम सोडून बंद पडतं. संध्याकाळी टाकी भरून ठेवतो म्हणजे आत दव धरत नाही, आणि फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतलं पाणी सोडून देतो.

पुढे ब्लॉक हिटर (उभ्या इंजिनातलं कूलंट विजेवर गरम ठेवणारा) बसवायचाय. त्याआधी कूलंट तपासणार, निम्मं ग्लायकॉल निम्मं पाणी असेल तर साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही, पण यात आधी कोणी किती पाणी ओतलंय कोणास ठाऊक, त्यामुळे बहुतेक सगळं काढून नवीनच भरेन.