इंग्रजी मेल पाठवण्याआधी क्रियाविशेषणं कशी तपासायची: माझा अनुभव

निर्यातीच्या कामात परदेशी ग्राहकांना सतत मेल जातात, आणि त्यातली क्रियाविशेषणं तपासणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. शाळेत 'ॲडव्हर्ब म्हणजे शब्दाला एलवाय लावायचा' एवढं पक्कं झालेलं असतं. पण मराठी माणसाच्या ऑफिसच्या इंग्रजीत एलवायपेक्षा जागा जास्त चुकते. म्हणून मी सुरुवात जागेपासून करते.

सगळ्यात आधी 'ओन्ली' शोधते. मराठीत 'शुक्रवारीच पंप पाठवतो' म्हटलं की त्या 'च'मधून ग्राहकाला खात्री मिळते. त्याचं 'वी विल शिप द पंप्स ऑन फ्रायडे ओन्ली' केलं की खात्री जाते आणि बंधन येतं: शुक्रवार सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी माल निघणार नाही. इथल्या सहकाऱ्याला आपलं म्हणणं बरोबर कळतं, परदेशातला ग्राहक मात्र 'मग गुरुवारी का नाही?' असं विचारतो. 'वी विल शिप ओन्ली द पंप्स ऑन फ्रायडे' लिहिलं तर त्याला वाटतं की पंप निघतील, मोटारी मागे राहतील. आणि 'वी विल ओन्ली शिप द पंप्स' वाचून तो विचारू शकतो की मग बसवून कोण देणार? म्हणून मी स्वतःला आधी विचारते की मनातला 'च' कसला आहे. मर्यादा सांगायची असेल तर 'ओन्ली' ठेवायचा आणि ज्या शब्दावर मर्यादा आहे त्याच्या अगदी आधी ठेवायचा. खात्री द्यायची असेल तर 'ओन्ली' काढायचा आणि 'बाय फ्रायडे, 14 मार्च' अशी तारीख लिहायची. 'आजच पाठवतो'चं 'टुडे इटसेल्फ' करण्याऐवजी 'बाय 6 पीएम आयएसटी टुडे' लिहिलं की त्यात सगळं येतं.

दुसरी तपासणी क्रियापद आणि कर्म यांच्या मधल्या जागेची. 'आम्हाला काल तुमचं पेमेंट मिळालं' हे सरळ मराठी आहे, पण 'वी रिसीव्ड यस्टरडे युअर पेमेंट' हे इंग्रजी नाही. क्रियापदाला कर्म लगेच हवं, मध्ये कुणी नको. 'यस्टरडे' शेवटी जातो. 'वी ॲप्रिशिएट व्हेरी मच युअर सपोर्ट' मध्येही हाच दोष आहे. कर्म फारच लांबलचक असेल तर क्रियाविशेषण त्याच्या आधी चालतं, पण मग ते वाक्यच तोडलेलं बरं.

तिसरं म्हणजे, दोन-तीन क्रियाविशेषणं एकत्र आली की क्रम बघते. मराठीत आपण वेळ, जागा, रीत असं जातो: 'टीमने गेल्या आठवड्यात नागपुरात नीट काम केलं.' इंग्रजीचा नेहमीचा क्रम बरोबर उलटा, म्हणजे रीत, जागा, वेळ: 'द टीम वर्क्ड वेल इन नागपूर लास्ट वीक.' नव्या लोकांना मी हेच एक वाक्य देते, कारण उलटंसुलटं करून बघितलं की लक्षात राहतं. 'ऑलवेज', 'युज्वली', 'ऑफन' यांची जागा वेगळी: साध्या क्रियापदाच्या आधी, 'इज', 'आर'च्या नंतर, आणि सहायक क्रियापदं असतील तर पहिल्याच्या नंतर. 'वी हॅव ऑलवेज शिप्ड ऑन टाइम.'

एक क्रियाविशेषण दोन क्रियापदांच्या मध्ये अडकलं की दोन्हीकडे ओढलं जातं. 'क्लायंट्स हू कम्प्लेन ऑफन गेट अ रिफंड' या वाक्यात वारंवार काय होतं, तक्रार की परतावा? इथे शब्द हलवून भागत नसेल तर मी वाक्यच नव्याने लिहिते.

त्यानंतर एलवाय. फाइंडमध्ये 'एलवाय' टाकून सगळे शब्द बघते. 'रिप्लाय' आणि 'सप्लाय'ही सापडतात, ते सोडून द्यायचे. 'हार्ड' आणि 'हार्डली'ची जोडी सर्वांत घातक. 'द टीम इज वर्किंग हार्ड' म्हणजे कसून काम चाललंय, 'हार्डली वर्किंग' म्हणजे काम जवळजवळ बंदच. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'टाइमली' दिसायला क्रियाविशेषण, पण वापर विशेषणाचा. 'प्लीज रिप्लाय टाइमली' ऐवजी 'ऑन टाइम' किंवा सरळ तारीख. 'लुक', 'सीम', 'साउंड' यांच्यापुढे विशेषण की क्रियाविशेषण, अशी शंका आली तर त्या जागी 'आर' घालून बघायचं. 'द नंबर्स आर करेक्ट' जमतं, म्हणून 'द नंबर्स लुक करेक्ट'. 'द फॉर्म्युला वर्क्स' मध्ये 'वर्क्स'च्या जागी 'इज' घातलं की अर्थच बदलतो, म्हणून तिथे 'करेक्टली'.

एलवाय नसलेले शब्द या शोधात सुटतात: 'बिफोर', 'ऑलरेडी', 'स्टिल', 'जस्ट'. ते वेगळे शोधावे लागतात. आजपासून मागे मोजत असू तर 'टू डेज अगो'. 'टू डेज बिफोर' लिहिलं की वाचणारा 'कशाच्या आधी?' म्हणून थांबतो.

व्याकरण बरोबर, पण सूर चुकतो, असंही होतं, आणि याकडे फार कमी लोक बघतात. ग्राहकाने इन्व्हॉइस मागितलं आणि आपण 'वी हॅव ऑलरेडी सेंट इट' लिहिलं, तर आपल्या दृष्टीने ती माहिती असते, त्याच्या कानाला मात्र 'पाठवलंय की, बघा ना' असं लागतं. 'ॲक्च्युअली'ने वाक्य सुरू केलं की आपण त्याला खोडून काढतोय असं वाटतं. 'वी सेंट इट ऑन 4 मार्च. अ कॉपी इज अटॅच्ड' एवढं पुरे. 'प्लीज काइंडली' मधला एक शब्द काढायचाच.

'रिस्पेक्टिव्हली' (अनुक्रमे) मात्र मला आवडतो, कारण नीट वापरला तर बराच मजकूर वाचतो. 'इन्व्हॉइसेस 41 अँड 42 आर फॉर 50,000 अँड 70,000 रुपीज रिस्पेक्टिव्हली.' दोन्ही याद्यांत घटक तितकेच हवेत आणि क्रमही तोच हवा. एका बाजूला तीन इन्व्हॉइस आणि दुसऱ्या बाजूला दोनच रकमा असतील, तर हिशेब विभागाकडून मेल परत येणारच.

करारातल्या क्रियाविशेषणांना मी हात लावत नाही. 'जॉइंटली अँड सेव्हरली' ही शोभेची जोडी नाही. तिच्यामुळे दोन भागीदारांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 2009 मध्ये फ्लोरेस-फिगेरोआ खटला झाला, तो ओळख चोरीच्या कायद्यातल्या 'नोइंगली' (जाणूनबुजून) या शब्दाची पोच वाक्यात कुठपर्यंत, याच मुद्द्यावर. न्यायालयाने ती वाक्याच्या शेवटापर्यंत मानली. वापरलेलं ओळखपत्र दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचं आहे हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकार पक्षाने सिद्ध करायला हवं, असा निकाल लागला. त्यामुळे अशा कलमात शब्द हलवायचा असेल तर वकिलाला विचारूनच.

मेल कुठल्या देशात जाणार हे मी सगळ्यात शेवटी बघते. 'मोमेंटरिली' अमेरिकेत 'थोड्याच वेळात' या अर्थाने चालतो, ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ 'क्षणभरापुरतं'. 'क्वाइट गुड' अमेरिकन माणसाला चांगली शाबासकी वाटते, ब्रिटिश माणसाला बऱ्याचदा 'ठीकठाक'. असे शब्द काढून 'इन टेन मिनिट्स' किंवा 'व्हेरी गुड' लिहिते, म्हणजे तोच मेल दोन्हीकडे पाठवता येतो.