‘फक्त आवळायचंय’: इनकमरच्या एका जॉइंटचा अनुभव

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. गेल्या उन्हाळ्यात थर्मोग्राफी (कॅमेऱ्याने तापमान पाहणं) करताना मुख्य एलटी (लो टेन्शन) पॅनेलच्या इनकमरवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय पॅनेलमध्ये येतो तिथे, आर फेजचा जॉइंट 96 अंशांवर दिसला. वाय आणि बी या बाकीच्या दोन फेज 58च्या आसपास. जॉइंट ट्रान्सफॉर्मरकडच्या बाजूचा, म्हणजे इनकमरचा ब्रेकर (एसीबी) बंद केला तरी तिथले 433 व्होल्ट जात नाहीत.

उत्पादनाचे साहेब म्हणाले, “फक्त आवळायचंय ना? इन्सुलेटेड पाना आहे, अंगात घालायचा संरक्षक सूट आहे. दहा मिनिटांचं काम.” तेव्हा मलाही ते पटलं होतं. चालू लाइनवरच्या कामाचं परमिट भरलं. ‘शटडाऊन का शक्य नाही?’ या रकान्यात लिहिलं, ‘उत्पादन थांबेल.’ सेफ्टीच्या मॅडमनी तासाभरात फॉर्म परत पाठवला. शेरा होता: ही गैरसोय झाली, अशक्य कुठे आहे?

राग आला, म्हणून आकडे मांडायला बसलो. ट्रान्सफॉर्मर 1600 केव्हीए, इम्पिडन्स (शॉर्टचा करंट रोखणारा त्याचा आतला विरोध) 6 टक्के. शॉर्ट झालं तर सुमारे 35 हजार अँपिअर. जॉइंट एसीबीच्या अलीकडे, त्यामुळे तिथला फॉल्ट तोडणार ट्रान्सफॉर्मरच्या आधीचा, एचटी (हाय टेन्शन) बाजूचा ब्रेकर, म्हणजे व्हीसीबी, आणि त्याला ट्रिप करणारी रिले अशा फॉल्टला वेळ घेते. आर्क, म्हणजे शॉर्टमुळे हवेत पेटणारी वीज, जितका वेळ जळेल तितकी ऊर्जा वाढते. म्हणूनच एकाच पॅनेलवर फीडरच्या (पुढे वीज नेणाऱ्या लाइनच्या) लेबलवर आर्कची ऊर्जा 6 आणि इनकमरच्या लेबलवर 32 कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर. उघड्या कातडीवर फोड यायला 1.2 पुरते. आमचा सूट 40चा. पण 32 हा आकडा 610 मिलिमीटर अंतरावरचा, चेहरा-छातीसाठी. पाना धरलेले हात तर जॉइंटपाशीच असणार. स्फोटाचा दाब तर कुठलाच सूट अडवत नाही.

मी परमिट फाडलं. रविवारपर्यंत दोन भट्ट्या बंद ठेवून लोड उतरवला.

रविवारी व्हीसीबी बंद करून बाहेर ओढला, केबल अर्थ केली, कुलूप-टॅग लावला; माझी किल्ली माझ्याच खिशात. मग जनरेटर. सप्लाय गेला की तो आपोआप सुरू होतो, हे यादीत नव्हतं. आमच्या वायरमनच्या लक्षात आलं. त्याचं कंट्रोल बंद करून तिथेही कुलूप लावलं. छतावरच्या सोलरचा फीडर वेगळा केला. कपॅसिटर डिस्चार्ज होऊ दिले.

यानंतरही सूट घालावा लागला, कारण टेस्टरने सिद्ध होईपर्यंत लाइन चालूच धरायची. वायरमनच्या अंगात टेरिकॉटचा शर्ट होता. आर्कच्या उष्णतेत तो वितळून कातडीला चिकटला असता. त्याला सुती कपडे घालायला लावले. टेस्टर आधी चालू सॉकेटवर पाहिला, मग तिन्ही फेज एकमेकांशी आणि अर्थशी तपासले, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. त्या हुडमध्ये श्वास कोंडतो, काच हिरवट दिसते, पण घाई करवली नाही. शेवटी तिथेच अर्थिंग जोडलं.

जॉइंट उघडला तर पट्टीचा पृष्ठभाग काळा, खड्डे पडलेला. नुसतं आवळून काहीच साधलं नसतं. स्प्रिंग वॉशरचे दोन तुकडे झाले होते. बोल्ट सैल करताच त्यातला एक निसटून खाली वाय फेजच्या पट्टीवर टणकन आपटला. आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो. वायरमनने तो चिमट्याने उचलला आणि न बोलता माझ्या हातावर ठेवला.

पट्टी घासून साफ केली, नवे बोल्ट-वॉशर टॉर्क रेंचने आवळले. सोमवारी पूर्ण लोडवर कॅमेरा लावला: आर 59, वाय 58, बी 58.