सायकलचं इंजिन: आधी वायर, मग कार्बोरेटर

माझ्या इंजिनवाल्या सायकलचं दुखणं असं होतं: हँडल डावीकडे वळवलं की इंजिन आपोआप रेस व्हायचं, आणि एक्सलेटर सोडला तरी आवाज लवकर खाली यायचा नाही. सायकलला बसवायचं किट नेहमीचं टू-स्ट्रोक, '८० सीसी' म्हणून विकतात ते. बोअर ४७ मिमी, स्ट्रोक ३८ मिमी. गणित केलं तर ६६ सीसीच भरतात. सायकल धावते ती मालवणजवळच्या आचऱ्याच्या आमच्या माडांच्या बागेत, घर ते विहीर आणि परत, मागे नारळाचं पोतं. मोटार वाहन कायद्याची सूट २५ सीसीपर्यंतच आहे, त्यामुळे रस्त्यावर न्यायचा प्रश्नच नाही.

कार्बोरेटर खोलायला पाना हातात घेतला होता, तेवढ्यात शेजारचे मेस्त्री कुंपणापलीकडून म्हणाले, "आदी वायर बघ रे झिला. कार्बोरेटर खंय पळान जाणा नाय."

बघितली. किटबरोबर आलेली एक्सलेटरची केबल गरजेपेक्षा लांब, म्हणून तिला टाकीखाली एक घट्ट वळसा मारलेला. हँडल वळलं की आउटर, म्हणजे केबलचं बाहेरचं आवरण, ताणला जाई आणि आतली तार कार्बोरेटरमधल्या स्लाइडला, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या तुकड्याला, वर खेचे. वळसा सोडवला, केबल वरच्या दांड्यावरून मोठ्या वळणाने, सायलेन्सरपासून लांब नेली. त्यावर खारा वारा. आउटरचं टोक जिथे उघडं राहतं तिथे गंज धरायला आमच्याकडे पावसाळ्याचीही वाट बघावी लागत नाही. तार बाहेर काढली, पुसली, केबल उभी टांगली आणि वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोन बांधून त्यात इंजिन ऑइल ओतलं. रात्रभरात खालून तेल ठिबकलं. घरात खोबरेल हवं तेवढं, पण ते २४ अंशांच्या आसपासच थिजायला लागतं. पौषातल्या पहाटे एक्सलेटर अडकलेला कोणाला हवाय?

एक्सलेटरच्या मुठीचीही एक गोम आहे. तिच्या आत प्लास्टिकची छोटी खुंटी असते, तिच्यासाठी हँडलला भोक पाडावं लागतं. बरेच जण भोक न पाडता खुंटीच कापतात. मग मूठ कवचासकट फिरते आणि केबल कितीही नीट लावा, उपयोग शून्य.

कार्बोरेटरचं झाकण फिरवून काढलं की स्प्रिंग, स्लाइड आणि पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई तारेसोबत वर येतात. स्लाइडच्या एका बाजूला उभी खाच, ती आतल्या पिनवर बसायला हवी. दुसऱ्या बाजूला तिरकी खाच, ती आयडलिंगच्या स्क्रूची. स्लाइड उलटी बसली तर खालीच जात नाही. झाकण लावून मूठ फिरवायची आणि पटकन सोडायची. आत 'टक्' असा स्वच्छ आवाज आला तर स्लाइड तळाला टेकली. इंजिन चालू करण्याआधी मी हा आवाज ऐकतोच. स्लाइड वर अडकलेलं इंजिन सुरू करणं धोक्याचं काम.

मग झाकणावरचा ॲडजस्टर. तारेला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली, लॉकनट आवळला, इंजिन चालू करून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवलं. रेस हलली नाही. अर्धं दुखणं इथेच गेलं.

आवाज लवकर खाली न येणं मात्र थोडं उरलं होतं. तारेत ढील असूनही असं होत असेल तर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (त्याला इंजिनाशी जोडणारी नळी) यांच्या जोडातून हवा ओढली जात असण्याचा संशय घ्यावा. चालू इंजिनाच्या जोडावर ब्रशने थोडं तेल लावलं, रेस लगेच बदलली. क्लॅम्प ढिला होता. तो आवळल्यावर, इंजिन पुरतं तापल्यावर, आयडलिंगचा स्क्रू. आत फिरवला की स्लाइड किंचित उचलते, रेस वाढते. बाहेर घेतला की कमी.

सुई सगळ्यात शेवटी. मधल्या एक्सलेटरवर चालवून, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढला. पांढरट. बदामी हवा होता. काळा, ओला असता तर पेट्रोल जास्त. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या त्याच भोकावर, मिश्रण पातळ पडतं: हवेच्या मानाने पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकला पातळ मिश्रण दुप्पट महाग, कारण वंगणाचं तेल पेट्रोलातूनच जातं: पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मग पिस्टन पकडतो. सुईची क्लिप एक खाच खाली बसवली; क्लिप खाली म्हणजे सुई वर, पेट्रोल जास्त. पोतं लादून चढावर नेल्यावर पुन्हा प्लग पाहिला, बदामी. आणखी एक खाच केली असती तर इंजिन अडखळत, फडफडत चाललं असतं.

इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, आणि आमच्या हवेत पाण्याला तोटा नाही. म्हणून दोन-चार दिवस सायकल लागणार नसली की पेट्रोलची तोटी बंद करतो आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन स्वतःच थांबेपर्यंत चालू ठेवतो.